कुलूपबंद राउटर आणि अनुभवाची अट

२०२३ हे वर्ष देशातील जाळ्यांच्या दृष्टीने मोठ्या घोषणांचे होते. एप्रिलमध्ये हिंगोली जिल्ह्यात उभारायच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ही वेधशाळा एकटीने काम करणारी नाही. तिच्या नोंदी अमेरिका आणि युरोपातील वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतील आणि ते काम जाळ्यावरूनच होईल. ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणाऱ्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. २७ ऑक्टोबरला दिल्लीत देशभरातील १०० शिक्षणसंस्थांना ५जी प्रयोगशाळा देण्यात आल्या. तिन्ही बातम्यांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र या बातम्यांच्या मागे उभा असलेला एक साधा प्रश्न क्वचितच विचारला गेला. ही जाळी रात्री दोन वाजता बंद पडली, तर ती पुन्हा उभी करणारे हात कोठून येणार?

हात आपोआप तयार होत नाहीत. संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात देशाने त्यांच्या वाटेवर दोन कुलपे लावून ठेवली आहेत. पहिले कुलूप महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील कपाटाला आहे. आत राउटर आहेत, स्विच आहेत, केबल तपासण्याची साधने आहेत. तपासणी समिती येते त्या दिवशी ती टेबलावर मांडली जातात आणि समिती गेली की पुन्हा आत जातात. दुसरे कुलूप नोकरीच्या जाहिरातीत आहे: ‘किमान दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक’. पद असते अगदी प्राथमिक, पगार असतो बेताचा, आणि अट मात्र अशी की ती नवशिक्याला पूर्ण करताच येऊ नये. महाविद्यालय म्हणते, अनुभव नोकरीत मिळेल. कंपनी म्हणते, अनुभव घेऊन या. या दोन दारांमधल्या ओसरीवर दरवर्षी असंख्य पदवीधर उभे राहतात आणि त्यांना ‘रोजगारक्षम नसलेले तरुण’ असे नाव देऊन सगळे मोकळे होतात.

दोष कोणाचा हे ठरवण्याआधी या व्यवसायात अनुभव म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. जाहिरातींनी तो वर्षांत मोजला आहे आणि गोंधळाची सुरुवात तेथेच झाली आहे. दोन वर्षे एखाद्या देखरेख-कक्षात बसून पडद्यावरचे हिरवे दिवे पाहणाऱ्याचा अनुभव कागदावर दोन वर्षांचाच भरतो. जाळ्याच्या कामातला खरा अनुभव बिघाडांत मोजावा लागतो: किती बिघाड डोळ्यांनी पाहिले, किती स्वतःच्या हाताने शोधले, आणि किती स्वतःच घडवून पुन्हा सावरले. पाण्यात न उतरता पोहण्याचे धडे देता येतात, पण त्या धड्यांवर कोणी तरंगत नाही.

तीन साधे बिघाड घेतले तरी हे पटेल. एखाद्या कार्यालयात कोणीतरी मोकळी दिसलेली केबल उचलून स्विचच्या दुसऱ्या मोकळ्या खाचेत खोचतो. केबलची दोन्ही टोके आता एकाच जाळ्यात आहेत; वर्तुळ पूर्ण झाले. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते. प्रत्येक राउटरवर तिचा आकडा एकाने घटतो आणि शून्यावर पॅकेट संपते. त्याखालच्या पातळीवरील इथरनेटच्या चौकटीला अशी मर्यादाच नाही. सर्वांना उद्देशून निघालेला एक संदेश त्या वर्तुळात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात, आणि काही क्षणांत सगळी यंत्रणा ठप्प होते. हे टाळण्यासाठी रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. ती प्रत्येक अभ्यासक्रमात आहे आणि तिच्यावर दहा गुणांचा प्रश्नही येतो. पण स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत पिसाटासारखे लुकलुकताना ज्याने कधी पाहिलेले नाही, त्याला तो प्रश्न पाठ असूनही प्रत्यक्ष प्रसंगी कोणती केबल आधी उपटावी हे सुचत नाही.

दुसरा बिघाड वसतिगृहातला. एक विद्यार्थी घरचा वाय-फाय राउटर आणतो आणि भिंतीतून आलेली केबल बाहेरच्या जोडणीच्या खाचेऐवजी आतल्या खाचेत लावतो. तो छोटा राउटर आता साऱ्या मजल्याला पत्ते वाटू लागतो. ज्यांना त्याने दिलेला पत्ता मिळतो त्यांचे इंटरनेट बंद. ज्यांना संस्थेच्या सर्व्हरने दिलेला मिळतो त्यांचे सुरू. एकाच खोलीतील दोघांपैकी एकाचे चालते आणि दुसऱ्याचे नाही. पुस्तकात डीएचसीपीची चार पावले क्रमाने दिलेली असतात. दोन सर्व्हर एकाच वेळी उत्तर देऊ लागले तर त्या चार पावलांचे काय होते, हे ती आकृती सांगत नाही. संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा, तो संस्थेच्या मालिकेतला आहे की नाही ते ताडावे, तो देणाऱ्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधावा आणि स्विचच्या नोंदीतून ते यंत्र कोणत्या खाचेवर आहे ते गाठावे, ही साखळी एकदा हातून घडली की आयुष्यभर विसरत नाही.

तिसरा बिघाड अधिक फसवा असतो. पिंग चालते, छोटी पाने उघडतात, पण मोठे पान अर्ध्यावर अडकून बसते. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी सहसा १,५०० बाइट असते; अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत वापरली जाणारी पीपीपीओई पद्धत त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते आणि १,४९२ उरतात. त्याहून मोठे, तुकडे करण्यास मनाई असलेले पॅकेट आले की वाटेतला राउटर ‘हे मावत नाही’ असा निरोप परत पाठवतो. सुरक्षेच्या अतिउत्साहात कोणीतरी असे सगळे निरोप फायरवॉलवर अडवलेले असतात. पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. हा दोष व्याख्यानात दहा मिनिटांत समजावता येतो. पण पहिल्यांदा शोधायला एक अख्खी रात्र लागते. त्या रात्रीलाच या व्यवसायात शिक्षण म्हणतात, आणि आजचा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला नेमकी तीच रात्र मिळू देत नाही.

महाविद्यालयांचा पहिला बचाव ठरलेला आहे: साधने महाग आहेत, मुले मोडतील. या बचावात एक कबुली दडलेली आहे. जे मोडू नये म्हणून कपाटात ठेवले जाते, ते शिकवण्यासाठी घेतलेले नसते. ते दाखवण्यासाठी घेतलेले असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतात आणि त्यांचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात धरलेला असतो. आयटीआयच्या कार्यशाळेत वेल्डिंग शिकणारा मुलगा कित्येक पट्ट्या वाया घालवतो, तेव्हा त्याचा हात बसतो. तीच सवलत जाळ्यांच्या प्रयोगशाळेला का नाही? चुकीची आज्ञा दिल्याने राउटर तुटत नाही. मूळ जुळवणीवर परत आणायला त्याला काही मिनिटे पुरतात. लोखंडाची पट्टी वाया जाते, राउटरची चूक पुसता येते. तरीही पट्टी विद्यार्थ्याच्या हातात आहे आणि राउटर कपाटात.

या देशात इंटरनेट आले तेच मुळी चुका करण्याची मुभा असलेल्या हातांनी. १९८६ मध्ये तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि खुद्द विभाग असे आठ सहभागी होते. सुरुवातीला साध्या टेलिफोन लाइनीवरून डायल करून संगणक एकमेकांशी बोलत. दिल्ली आणि मुंबई यांना जोडणारी पहिली भाडेतत्त्वावरची लाइन जानेवारी १९९१ मध्ये सुरू झाली आणि तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. आजच्या मोबाइलवरचे एक छायाचित्र तिच्यावरून जायला तासाच्या हिशेबात वेळ लागला असता. त्या जाळ्यावर टीसीपी-आयपी आणि ओएसआय या दोन्ही प्रणाली शेजारीशेजारी चालवून पाहिल्या गेल्या. १९९५ पर्यंत जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

या इतिहासाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. १९८६ मध्ये कोणी ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशी जाहिरात दिली असती, तर अख्ख्या देशातून तिला बोटांवर मोजण्याइतकेही अर्ज आले नसते. अर्नेटवर काम करणाऱ्यांना अनुभव त्या कामातूनच मिळाला. संस्थांनी त्यांच्यावर विश्वास टाकला, लाइन तुटली तर ती पुन्हा जोडण्याची जबाबदारी दिली आणि चूक झाल्यावर कपाटाला कुलूप लावले नाही. आज त्याच देशात, त्याहून हजारो पटींनी स्वस्त आणि वेगवान साधने हाताशी असताना, विद्यार्थ्याने स्विचला हात लावण्यासाठी अर्ज करावा आणि त्यावर तीन सह्या घ्याव्यात, हे चित्र लाजिरवाणे आहे.

साधनांच्या खर्चाचा मुद्दा तर आता जवळजवळ उरलेलाच नाही. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर विद्यार्थ्यांना मोफत मिळतो. जीएनएस३ मोफत आहे. पॅकेट उघडून आत पाहण्याचे वायरशार्क हे साधन १९९८ पासून, आधी इथेरियल या नावाने, सर्वांना खुले आहे. लिनक्सवर चालणाऱ्या साध्या लॅपटॉपमध्ये नेमस्पेसच्या साहाय्याने एकमेकांपासून वेगळी अशी अनेक यंत्रे कल्पिता येतात, त्यांच्यात एफआरआर हे मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर चालवता येते आणि ओएसपीएफ व बीजीपी या खऱ्या प्रणाली खऱ्या संदेशांसह पाहता येतात. आशिया-प्रशांत भागातील इंटरनेट पत्त्यांचे वाटप करणारी एपनिक ही संस्था आपल्या अकादमीतून मोफत पाठ आणि दूरस्थ प्रयोगशाळा देते. दक्षिण आशियातील नेटवर्क चालवणाऱ्यांचा सॅनॉग हा मंच २००३ पासून कार्यशाळा घेत आला आहे. गुवाहाटीतील वसतिगृह असो वा तिरुनेलवेलीतील तंत्रनिकेतन, आठ जीबी स्मृतीचा एक जुना लॅपटॉप असला की सुरुवात होऊ शकते.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे, कारण याच मुद्द्याचा आधार घेऊन काही संस्था खरी साधने घेणेच बंद करू लागतील. अनुकरण करणारे सॉफ्टवेअर आज्ञा शिकवते, तर्क शिकवते. पदार्थ शिकवत नाही. त्यातली केबल कधी सैल बसत नाही. त्यातील जोडणीत आठ तारांपैकी एक तुटलेली नसते. प्रत्यक्षात मात्र १०० मेगाबिटच्या इथरनेटला तारांच्या दोन जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात; म्हणून एखादी जोडी निकामी झाली की जोडणी अनेकदा पूर्ण बंद न पडता गुपचूप मंदावते, आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. प्रकाशतंतूच्या टोकावरचा धुळीचा कण, गरजेपेक्षा जास्त वाकवलेली तंतूची वेटोळी, नावाच्या चिठ्ठ्या नसलेल्या शेकडो केबलींचे जंजाळ, उन्हाळ्यात पंखा बंद पडल्याने तापून स्वतःच पुन्हा सुरू होणारा स्विच: हे सगळे हातानेच शिकायचे असते. भारतनेटचे तंतू रस्त्याकडेच्या चरांतून जातात आणि ते फावड्याने तुटतात, पडद्यावर नव्हे. म्हणून आभासी आणि खरी, दोन्ही प्रयोगशाळा हव्यात. एकीचे कारण पुढे करून दुसरी टाळणे ही पळवाट आहे.

दुसरा बचाव प्रमाणपत्रांचा. नोकरी हवी असेल तर प्रमाणपत्र घ्या, असा सल्ला सर्वत्र मिळतो, आणि हैदराबादच्या अमीरपेठेसारख्या ठिकाणी शिकवणी-वर्गांच्या पाट्यांनी इमारती झाकल्या गेल्या आहेत. प्रमाणपत्र वाईट नाही. सिस्कोने १९९३ मध्ये सुरू केलेल्या सीसीआयई परीक्षेचा दबदबा आजही टिकून आहे, कारण तिच्यात आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. समोर जाळे असते आणि ते चालवून दाखवावे लागते. त्याच कंपनीची प्रवेशपातळीवरची सीसीएनए परीक्षा दोन तासांची आहे आणि तिच्यातील बहुतांश प्रश्न पर्यायांतून उत्तर निवडण्याचे असतात. अभ्यासक्रम म्हणून ती उत्तम आहे. पण तिच्याभोवती चोरलेल्या प्रश्नसंचांचा जो बाजार उभा राहिला आहे, त्याने प्रमाणपत्राचा अर्थच पोखरला आहे. उत्तरे पाठ करून उत्तीर्ण झालेला उमेदवार मुलाखतीत पहिल्याच उलट प्रश्नाला अडतो, मुलाखत घेणाऱ्याचा कागदावरचा विश्वास उडतो, आणि मग त्या अविश्वासातून ‘दोन वर्षांचा अनुभव’ ही अट जन्माला येते. म्हणजे प्रश्नसंच विकत घेणारा विद्यार्थी स्वतःच्याच मागून येणाऱ्यांचा दरवाजा बंद करतो. विद्यार्थ्यांची बाजू घेताना त्यांच्या पदरातला हा दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तिसरा बचाव कंपन्यांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. चालू जाळ्यावर नवशिक्याला हात लावू देणे धोक्याचे असते, असे त्या म्हणतात. हे खरे आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने देशांतर्गत यूट्यूब अडवण्यासाठी घातलेला एक मार्ग चुकून बाहेर गेला. यूट्यूब आपला पत्ता १,०२४ पत्त्यांच्या गटाने जाहीर करत होते. चुकीचा मार्ग त्यातल्या २५६ पत्त्यांचा, म्हणजे अधिक नेमका होता. राउटर नेहमी अधिक नेमक्या मार्गाला पसंती देतात. सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे निघालेली वाहतूक भलतीकडे वळली. एका ओळीची ही किंमत असेल, तर ती ओळ कोणाच्या हाती द्यावी याची काळजी कंपन्यांनी केलीच पाहिजे.

मात्र या काळजीतून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. शस्त्रक्रिया धोक्याची असते म्हणून वैद्यकीय महाविद्यालये विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियागृहाबाहेर ठेवत नाहीत. आधी शवविच्छेदन, मग मदतनीस, मग देखरेखीखाली टाके, अशा पायऱ्या लावतात. वैमानिकाला प्रवाशांचे विमान देण्याआधी सिम्युलेटरवर इंजिन बंद पाडून दाखवतात. जाळ्यांच्या क्षेत्रात अशी पायऱ्यांची रचना उभी करण्याचा खर्च उद्योगाला नको आहे. दुसऱ्या कोणीतरी चुका सोसून तयार केलेला माणूस त्याला हवा आहे. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या शेतात पेरणी व्हावी आणि कापणी आपल्या खळ्यावर यावी अशी वाट पाहत आहे. मग मनुष्यबळाच्या तुटवड्याची ओरड करण्याचा अधिकार कोणाला?

कायदा मात्र येथे मुका नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि २०१६ पासून राष्ट्रीय योजनेतून विद्यावेतनाचा काही भार सरकार उचलते. प्रश्न त्या उमेदवाराला काय करायला लावले जाते हा आहे. वर्षभर हजेरीपट भरणारा, तक्रारींचे क्रमांक नोंदवणारा आणि चहा आणणारा मुलगा कागदावर शिकाऊच असतो. त्याच्या वर्षाचा हिशेब शोधलेल्या बिघाडांत मागितला पाहिजे: किती तक्रारींच्या मुळाशी तो पोहोचला, किती बदल त्याने वरिष्ठाच्या नजरेखाली स्वतः केले, आणि त्यातले किती मागे घ्यावे लागले व का.

चौथा बचाव नवा आणि फॅशनेबल आहे. आता सारे स्वयंचलित होणार, कृत्रिम बुद्धिमत्ता बिघाड शोधणार, मग केबलीला हात लावणारे हवेत कशाला? ४ ऑक्टोबर २०२१ ची घटना याला पुरेसे उत्तर आहे. फेसबुकच्या अंतर्गत जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या साऱ्या माहिती-केंद्रांमधील जोडण्या तुटल्या. अशा आज्ञा अडवण्यासाठी स्वयंचलित तपासणी होती. तिच्यातच दोष निघाला. जोडणी तुटल्याचे पाहून कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी, त्यांना शिकवले होते त्याप्रमाणे, आपले मार्ग इंटरनेटवरून काढून घेतले. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जवळजवळ सहा तास बंद राहिले. दुरून दुरुस्ती करण्याची साधनेही त्याच जाळ्यावर होती, म्हणून अभियंत्यांना माहिती-केंद्रांत स्वतः जाऊन यंत्रांसमोर उभे राहावे लागले. जगातील अत्यंत स्वयंचलित जाळ्यांपैकी एक शेवटी माणसांनी जागेवर जाऊन उठवले. स्वयंचलन जितके वाढते तितके बिघाड विरळ आणि अवघड होत जातात. म्हणून जाणत्या हातांची संख्या कमी लागली तरी तयारी अधिक लागते.

हे सर्व मान्य केले, तर उपायही दूर नाही. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे आधीच एक मोठी प्रयोगशाळा असते आणि तिला कोणी प्रयोगशाळा म्हणत नाही: संस्थेचे स्वतःचे जाळे. शेकडो संगणक, वसतिगृहांचे मजले, वाय-फायची केंद्रे, आणि अनेक ठिकाणी राष्ट्रीय ज्ञान जाळ्याची वेगवान जोडणी. हे जाळे बहुधा बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते. वर्गात राउटिंग शिकवले जाते, आणि त्याच वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातील स्विच बिघडला तर कंत्राटदाराच्या माणसाची वाट पाहिली जाते. शेतकी महाविद्यालयाने स्वतःच्या शेताला कुंपण घालून ते भाड्याने द्यावे, तसे हे आहे.

विज्ञानाच्या जगात याच्या उलट उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्या प्रकाशतंतूंनी मध्यवर्ती इमारतीशी जोडलेल्या आहेत. तबकड्यांमधील संकेत जुळले नाहीत तर आकाश दिसतच नाही. अशा ठिकाणी जाळे हा विज्ञानाला पुरवलेला सेवा-विभाग राहत नाही; ते उपकरणाचाच अवयव असते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्र सर्न येथील प्रयोगांच्या संगणन-जाळ्यात सहभागी आहेत. तेथेही आकडे पोहोचले नाहीत तर भौतिकशास्त्र थांबते. देशाला मोठे विज्ञान हवे असेल, तर त्याच्या तारा सांभाळणाऱ्यांना दुय्यम समजून चालणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली: जाळ्यांची प्रयोगशाळा संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी उघडी हवी, मुलींसाठीही तितकीच आणि सुरक्षित, वसतिगृहाच्या वेळेचे कारण सांगून त्यांना या कामापासून दूर ठेवणे बंद झाले पाहिजे. दुसरी: प्रात्यक्षिक परीक्षेत आकृती काढायला न लावता मुद्दाम बिघडवलेले जाळे समोर ठेवावे; गुण दोष शोधण्याच्या पद्धतीला द्यावेत. तिसरी: संस्थेच्या जाळ्याचा एखादा मजला, एखादे वसतिगृह, अनुभवी तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवावे. चौथी: नव्याने मिळालेल्या ५जी प्रयोगशाळांचा दरवर्षीचा जमाखर्च यंत्रांच्या किमतीत न मांडता विद्यार्थ्यांनी तेथे घालवलेल्या तासांत जाहीर करावा. पाचवी: कंपन्यांनी प्राथमिक पदांच्या जाहिरातीतून वर्षांची अट काढून तिच्या जागी एका तासाची दुरुस्ती-चाचणी ठेवावी. ज्याला येते तो ती पार करील, मग त्याची पदवी झाशीची असो, जोरहाटची असो वा नसोच.

आणि ही कुलपे उघडेपर्यंत विद्यार्थ्याने हात बांधून बसण्याचे कारण नाही. एक जुना लॅपटॉप, भंगारातून मिळालेला एखादा स्विच, दोन-चार मीटर केबल आणि ती घट्ट बसवण्याचा चिमटा, एवढ्यावर आरंभ होतो. जाळे उभे करावे, ते चालले की मुद्दाम बिघडवावे, आणि मित्राला शोधायला द्यावे. प्रत्येक बिघाडाची वहीत नोंद ठेवावी: लक्षण काय दिसले, आधी काय वाटले, कोणती तपासणी केली, खरे कारण काय निघाले. मर्यादा एकच पाळावी: प्रयोग स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या जाळ्यावरच करावा, परक्याच्या यंत्रात विनापरवाना शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे आणि त्याला शिक्षण म्हणत नाहीत. अशी पन्नास नोंदींची वही घेऊन मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराला ‘अनुभव किती?’ असे विचारले, तर त्याने वही पुढे करावी. समोरचा जाणकार असेल तर पहिली तीन पाने वाचूनच त्याला उमेदवाराची पारख होईल. आणि जाणकार नसेल, तर त्या कंपनीचे जाळे आज ना उद्या तिला उत्तर देईलच.

देशाने प्रकाशतंतू पुरले, मनोरे उभारले, वेधशाळांना मंजुरी दिली. या साऱ्याच्या तुलनेत एका कपाटाची किल्ली विद्यार्थ्याच्या हाती देणे ही अगदी किरकोळ गोष्ट आहे. तिला कोटींचा निधी लागत नाही, मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. लागतो तो फक्त ‘मुले मोडतील’ या भीतीचा त्याग. मुले मोडतीलच. मोडलेले जोडता येईपर्यंत त्यांना तेथे थांबू दिले, तर भारतनेटच्या शेवटच्या गावातील दिवा रात्री दोन वाजता विझला तरी सकाळपर्यंत तो पुन्हा पेटलेला असेल.